दवाखान्याची वेळ, मिलची पाळी

दिवाळी आटोपली, गावोगावच्या मंडया सुरू झाल्या की भंडारा जिल्ह्यात राइस मिलचाही हंगाम सुरू होतो. खरेदी केंद्रांवरून धानाचे कट्टे येतात, भरडाई रात्री उशिरापर्यंत चालते. तुमसरपासून लाखांदूरपर्यंतच्या मिलमधले हमाल, मशीन चालवणारे आणि झाडलोट करणाऱ्या बाया यांना पुढचे काही महिने मान वर करायला फुरसत नसते. यांपैकी कितीजणांनी गेल्या वर्षभरात एकदा तरी रक्तदाब मोजून घेतला असेल? फार थोड्यांनी. तपासणी महाग आहे म्हणून नव्हे, कारण सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. अडचण वेगळीच आहे. दवाखान्याची ओपीडी ज्या वेळेत चालते, त्याच वेळेत मिलही चालते. दवाखान्यात जायचे म्हणजे अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचे, आणि काहीच दुखत नसताना ते कोण सोडणार?

कामाच्या ठिकाणचे आरोग्य म्हटले की डोळ्यांपुढे मोठे कारखाने येतात. जवाहरनगरची आयुध निर्माणी, वरठीचा पोलाद कारखाना, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी ही जिल्ह्यातली मोठी नावे. अशा ठिकाणी कामगारांची तपासणी, सुरक्षेची साधने, अपघाताची नोंद यांची काही एक चौकट कायद्याने घालून दिलेली असते. तिथे अपघात झाला तर साऱ्या जिल्ह्याला कळते. २४ जानेवारी २०२५ च्या जवाहरनगरमधील स्फोटाने सारा जिल्हा हादरला होता.

पण भंडाऱ्यातली कष्टकरी माणसे बहुसंख्येने लहान ठिकाणी राबतात. पाच-दहा माणसांची राइस मिल, भंडारा शहरातले पितळी भांड्यांचे कारखाने, आंधळगावच्या बाजूचे कोशाचे विणकाम, घरोघर वळली जाणारी विडी, नदीनाल्याकाठच्या वीटभट्ट्या, वेल्डिंगची दुकाने, गॅरेज, उपाहारगृहे. इथे सुरक्षा अधिकारी नसतो, कंपनीचा डॉक्टर नसतो. मालक सांगेल तेच धोरण आणि मालक करेल तीच व्यवस्था. इथले नुकसान स्फोटासारखे एका क्षणात होत नाही. ते दहा-पंधरा वर्षांत थोडे थोडे होते आणि शेवटी ‘वय झाले’ या दोन शब्दांत झाकले जाते.

धूळ, धूर आणि आवाज

राइस मिलपासून सुरुवात करू. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा भाग तूस असतो. भरडाईत या तुसाची बारीक धूळ हवेत उडते. तूस जाळून बॉयलर चालवला, तर उरणाऱ्या राखेत सर्वाधिक प्रमाण सिलिकाचे असते. ही धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की खोकला, दमा, श्वासनलिकेचा जुनाट दाह यांची वाट मोकळी होते. अनेक कामगार तोंडाला दुपट्टा बांधतात. त्याने जाड कण अडतात, पण फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे बारीक कण कापडातून सहज पार होतात.

आवाजाचेही तसेच. आठ तासांच्या कामात सरासरी ८५ डेसिबलच्या वर आवाज असेल तर कानाला इजा होण्याचा धोका असतो. हे मोजायला यंत्र लागतेच असे नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर आवाज धोक्याच्या पातळीवर आहे असे समजावे. अशाने गेलेले ऐकणे परत येत नाही.

पितळी भांड्यांच्या कामाची गोष्ट तर फार जुनी आहे. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांचा व्यवसायजन्य आजारांवरचा ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभर तांबे ठोकणारे व्हेनिसचे तांबट बहिरे होतात, हे त्यांनी टिपून ठेवले आहे. ठोकाईचा तो आवाज भंडाऱ्याच्या कारखान्यांतही ओळखीचा आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणजे पितळ वितळवताना जस्ताची वाफ सुटतेच. ती वाफ हवेत मिसळून पांढरा धूर होतो. तो छातीत गेल्यावर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत ताप आपोआप उतरतो. रोजच्या धुराला शरीर थोडे सरावते आणि सुटीच्या दिवशी तो सराव मोडतो, म्हणून सुटीनंतर कामावर आल्या दिवशी हा ताप जास्त दिसतो. पाश्चात्त्य देशांत याला ‘सोमवारचा ताप’ म्हणत. आपल्याकडे थंडीताप म्हटला की आधी मलेरिया आठवतो आणि तो तपासायलाच हवा. पण डॉक्टरांना ‘मी भट्टीवर काम करतो’ हे सांगितले, तर निदान लवकर होते. धुरावर उतारा म्हणून दूध पिण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. दूध पौष्टिक आहे, पण ते पोटात जाते. धूर छातीत जातो. त्यावर उपाय एकच, भट्टीवर धुराडे आणि धूर बाहेर ओढणारा पंखा.

विडीचे काम घरच्या ओसरीवर होते, म्हणून ते कारखान्यात मोजलेच जात नाही. ठेकेदाराकडून पान-तंबाखू आणायची, हजार विड्यांमागे मजुरी घ्यायची. मांडी घालून तासन्‌तास वाकून बसल्याने मान, पाठ, गुडघे धरतात. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते आणि निकोटिन हाताच्या कातडीतूनही शरीरात शिरते. ओसरीवर खेळणारी मुलेही त्याच हवेत असतात.

उन्हाळ्यात वीटभट्टीवर आणि पत्र्याच्या शेडमध्ये उष्णतेचा मारा असतो. विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा तहान लागण्याची वाट पाहून चालत नाही. कष्टाचे काम असेल तर दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पोटात जायला हवे. इथे एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. शौचालय नसेल तर बाया मुद्दाम पाणी कमी पितात. परिणामी उन्हाचा त्रास वाढतो आणि लघवीच्या मार्गाचा संसर्ग वारंवार होतो. बाया काम करतात तिथे आडोशाचे स्वच्छ शौचालय ही उन्हापासून बचावाचीही सोय आहे.

कामावर येणारे शरीर

धूळ आणि धूर हे कामाने दिलेले त्रास झाले. पण कामगार घरून जे शरीर घेऊन येतो, त्याचेही काही प्रश्न असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्क्यांना मधुमेह आहे. हा हिशेब आठ माणसांच्या मिलला लावला तर त्यांतल्या दोघा-तिघांचा रक्तदाब वाढलेला असू शकतो. आकडा १४०/९० किंवा त्याहून वर सातत्याने येत असेल तर उपचार लागतात. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून कळत नाही. कळते ते कट्टा उचलताना अर्धांगाचा झटका येतो तेव्हा.

या भागाचे दुसरे दुखणे म्हणजे खर्रा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पानठेल्यावर मिळतोच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के होते. म्हणजे आपल्याकडची तंबाखू बहुतेक तोंडात असते. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरवले आहे. खर्रा खाणाऱ्याने घरीच एक परीक्षा करावी. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का पाहावे. जात नसतील, तिखट लागल्यावर तोंडाची आग होत असेल किंवा गालात पांढरा-लाल चट्टा असेल, तर तोंड तपासून घ्यायला वेळ लावू नये.

खर्रा आणि काम यांचा संबंध जवळचा आहे. झोप उडवायला, भूक मारायला, कंटाळा घालवायला तो कामावरच जास्त खाल्ला जातो. पहिला खर्राही बहुधा कामावरच्या सोबत्याने दिलेला असतो. म्हणून तो सोडवण्याची सुरुवातही कामाच्या ठिकाणी होऊ शकते. एकट्याने सोडणे अवघड असते, पाचजणांनी मिळून ठरवले तर थोडे सोपे जाते.

तिसरा विषय सिकलसेलचा. विदर्भाच्या पूर्व भागात हा आनुवंशिक आजार अधिक आढळतो. शरीरातले पाणी कमी झाले, अति श्रम झाले, ताप आला की अशा रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येतो. उन्हात विटा उचलणारा तरुण वारंवार ‘हातपाय दुखतात’ म्हणून खाडा करत असेल, तर तो कामचुकार असेलच असे नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. ही तपासणी सरकारी यंत्रणेत मोफत होते.

भंडाऱ्याकडे आधीच काय आहे?

नोव्हेंबर २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक मोठा उपक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यासाठी पाच राज्यांतले २५ जिल्हे निवडले गेले. महाराष्ट्रातून वर्धा, सातारा, सिंधुदुर्ग आणि भंडारा हे चार जिल्हे त्यात होते. उपक्रमाची रीत साधी होती. मोजकीच औषधे ठरलेल्या क्रमाने द्यायची, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या हातात द्यायच्या, गोळ्या घराजवळच्या उपकेंद्रात मिळतील असे पाहायचे आणि प्रत्येकाचा रक्तदाब आटोक्यात आला की नाही याची नोंद ठेवायची. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांशी संबंधित पुरस्कारही मिळाला.

म्हणजे भंडाऱ्यात मशीन आहे, गोळ्या आहेत, गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी तिथे होते. स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही होते. निदान झाल्यावर मोठा उपचार लागला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. सारे आहे, पण कामाच्या वेळेत कामावर असलेला माणूस त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आशाताई घरी येते तेव्हा तो मिलमध्ये असतो. तो घरी येतो तेव्हा उपकेंद्राला कुलूप असते. ही फट दोघांपैकी कुणी एक बुजवू शकतो, दवाखाना किंवा मालक. दोघांनी मिळून ती लवकर बुजेल.

मालक पुढे का येत नाही?

लहान उद्योजक आरोग्याबद्दल बेफिकीर असतो, असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. कामगाराला अपघात झाला तर त्याला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेणारा, रात्रीबेरात्री उसने पैसे देणारा बहुधा तोच असतो. त्याच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि त्यांची उत्तरे दिल्याशिवाय तो शिबिराला ‘हो’ म्हणणार नाही.

पहिली अडचण वेळेची. हंगामात मशीन थांबली की नुकसान. पण रक्तदाब मोजायला माणशी पाच मिनिटे लागतात. आठ माणसांना चाळीस मिनिटे, आणि तीही एकेकाला बोलावून, मशीन न थांबवता. तपासणीची खरी वेळ हंगामाआधीची आहे. धान येण्याच्या पंधरा दिवस आधी मशीनची दुरुस्ती होते, तेव्हाच माणसांचीही पाहणी व्हावी. अनुभवी मशीनवाला ऐन हंगामात आजारी पडला तर किती दिवसांचे नुकसान होते, हा हिशेब मालकाला कुणी शिकवायला नको.

दुसरी अडचण भीतीची. सरकारी माणूस आत आला की कागद मागेल, दंड लावेल असे वाटते. इथे आरोग्य विभागाने स्वच्छ सांगायला हवे, की रक्तदाब मोजायला येणारी परिचारिका निरीक्षक नाही आणि तिच्या वहीत कामगाराची नोंद होते, कारखान्याच्या उणिवांची नाही. धोका दिसला तर तो मालकाला तोंडी समजावून सांगणे एवढेच तिचे काम.

तिसरी अडचण खर्चाची. त्याबद्दल पुढे पाहू. चौथी म्हणजे ‘माणसे टिकत नाहीत, मी त्यांच्यावर कशाला खर्च करू?’ पण माणसे न टिकण्याचे एक कारण धूळ, उष्णता आणि पाणी-शौचालयाची गैरसोय हेही असते.

आणि एक भीती कामगाराची असते. तपासणीत काही निघाले तर शेठ कामावरून काढेल. ही भीती घालवल्याशिवाय कोणतेही शिबिर पोकळच ठरते. म्हणून नियम एकच असावा. अहवाल कामगाराच्या हातात जाईल, मालकाच्या नाही. मालकाला एवढेच कळावे, की किती जणांची तपासणी झाली आणि कुणाला दवाखान्यात जायला वेळ द्यावा लागेल. साखर वाढलेला किंवा टीबीचे उपचार सुरू असलेला माणूस वेळेवर औषध घेऊन वर्षानुवर्षे उत्तम काम करतो. त्याला काढले तर पुढच्या वर्षी कुणीही हात पुढे करणार नाही.

कायद्याची मदत इथे मर्यादित आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत तपासणी मालकाने करून द्यावी, अशी तरतूद त्यांत आहे. मात्र सुरक्षा व आरोग्याची संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी आहे. त्याखालच्या शेडमध्ये मालकाची समजूत हाच आधार उरतो.

इतरांनी काय केले?

हा प्रश्न एकट्या भंडाऱ्याचा नाही. जपानमध्ये पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला डॉक्टर नेमणे बंधनकारक आहे. त्याहून लहान उद्योगांसाठी तिथे प्रादेशिक केंद्रे आहेत, जिथे मालक-कामगारांना आरोग्याचा सल्ला विनाशुल्क मिळतो. थायलंडने गावपातळीवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनाच असंघटित कामगारांच्या आरोग्याचे काम जोडून दिले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८० च्या दशकात लहान उद्योगांसाठी एक पद्धत विकसित केली आणि ती आशियातल्या अनेक देशांत वापरली गेली. तिच्यात भाषण कमी आणि फेरफटका जास्त असतो. मालकांनी एकमेकांच्या कारखान्यात जायचे, तिथे काय चांगले केले आहे ते पाहायचे आणि कमी खर्चाच्या दोन-तीन सुधारणा आपल्याकडे करायच्या. शेजारच्या मिलवाल्याने काही केले आणि त्याचा फायदा दिसला, की पुढचा मालक स्वतःहून विचारतो.

आपल्या कोशाच्या धंद्यातही असे उदाहरण आहे. टसर उत्पादक भागांत बाया कोशाचा धागा उघड्या मांडीवर घासून काढत. त्याने कातडी सोलवटे, डाग पडत, दिवसभर वाकून पाठ जाई. केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचे धागा काढण्याचे यंत्र पुढे आणले आणि मांडीवरचे काम बंद करण्याची मोहीम घेतली. ती पुढे गेली, कारण यंत्रावर धागा एकसारखा आणि जास्त निघतो, म्हणजे बाईच्या हाती पैसेही जास्त येतात. आरोग्याची सुधारणा कमाईशी जोडली की ती टिकते. लहान उद्योगात हे विसरून चालत नाही.

आठ माणसांच्या शेडमध्ये काय करता येईल?

सगळे एकदम करायला गेले की काहीच होत नाही. एका वर्षात पाच गोष्टी पुरेत.

एक, पट्टे आणि चाके झाका. फिरत्या पट्ट्यात दुपट्टा, लुगड्याचा पदर किंवा बाही अडकून होणारा अपघात सेकंदाचा असतो. लोखंडी जाळी गावातला वेल्डर एका दिवसात करून देतो. याहून स्वस्त आणि तातडीची सुधारणा नाही.

दोन, धूळ उगमाशी अडवा. मिलच्या धूळ ओढणाऱ्या नळ्यांना भोके, सैल जोड असतील तर ते आधी बुजवा. खाली पडलेली धूळ कोरड्या झाडूने उडवू नका, शक्य तिथे ओल्या फडक्याने पुसा. भट्टीवर धुराडे आणि पंखा लावा. एवढे करूनही धूळ उरते त्या कामासाठी एन-९५ मास्क द्या. आवाजाच्या जागी कानात घालायचे बोळे द्या.

तीन, वजन विभागा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या शिफारशीनुसार एका पुरुषाने एकट्याने उचलायचे ओझे ५५ किलोंपेक्षा जास्त नसावे. त्याहून भारी पोते दोघांनी उचलावे किंवा हातगाडीवर न्यावे. थप्पी खांद्याच्या उंचीपर्यंत ठेवली तर पाठही वाचते आणि थप्पी कोसळण्याचा धोकाही कमी होतो.

चार, पाणी, सावली, शौचालय. उन्हाळ्यात कामाची वेळ पहाटे आणि संध्याकाळी सरकवा. माठ कामाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर असावा. ताक, लिंबूपाणी चांगले, पण रक्तदाबाच्या रुग्णाने त्यात जास्तीचे मीठ घालू नये. कुणी उन्हात बरळू लागले, अंग तापले, शुद्ध हरपू लागली तर ओल्या कापडाने अंग गार करत तातडीने दवाखान्यात न्या. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नका.

पाच, वर्षातून एक तपासणी आणि महिन्याला एक आठवण. जवळच्या उपकेंद्राशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून हंगामाआधीची एक तारीख ठरवा. रक्तदाब, साखर, तोंड आणि दोन आठवड्यांपेक्षा जुना खोकला असेल तर टीबी, एवढे पाहून घ्या. खात्रीचे डिजिटल रक्तदाब मशीन साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास येते. ते हजेरीच्या टेबलावर असू द्या. ज्यांच्या गोळ्या सुरू आहेत त्यांना मजुरी वाटपाच्या दिवशी ‘गोळ्या संपल्या का?’ एवढे विचारा. गोळ्या आणायला तासभर सुटी लागली तर मजुरी कापू नका. खर्रा सोडू पाहणाऱ्याला राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक भिंतीवर लिहून द्या. मन खचले, झोप उडाली, दारू वाढली तर टेलिमानसचा १४४१६ हाही द्या. मालकाने आधी स्वतः खर्रा बाजूला ठेवला तर भिंतीवरच्या पाटीचा जास्त उपयोग होईल.

विडी कामगार बायांसाठी कारखाना नाही, पण माल जमा करायची जागा आहे. ठरलेल्या दिवशी साऱ्याजणी तिथे येतात. ठेकेदाराने एक खोली आणि एक तास दिला तर तपासणी तिथेच होऊ शकते.

दवाखान्यानेही पाऊल उचलावे

मालकाकडून एवढी अपेक्षा करताना आरोग्य यंत्रणेनेही आपल्या वेळेची सवय थोडी बदलायला हवी. आठवड्यातून एक संध्याकाळ किंवा आठवडी बाजाराचा दिवस कामगारांसाठी ठेवता येईल. राइस मिल मालकांची संघटना, भांडी उत्पादक, बचत गट, ग्रामपंचायत यांच्या बैठकीत जाऊन दहा मिनिटे बोलता येईल. एका एका शेडमध्ये जाणे परवडत नसेल तर शेजारच्या चार शेडचे मिळून एक शिबिर घ्यावे. महत्त्वाचे म्हणजे शिबिरानंतरचा महिना. रक्तदाब जास्त निघाला त्यांतले किती जण गोळ्या घ्यायला आले आणि किती जणांचा आकडा खाली आला, हे मोजले नाही तर शिबिराचा फोटो तेवढा उरतो.

लहान शेडमध्ये मालक वेगळ्या काचेच्या खोलीत बसत नाही. तीच धूळ, तोच आवाज, तेच ऊन त्याच्याही वाट्याला असते आणि त्याचाही रक्तदाब बहुधा मोजलेला नसतो. म्हणून तपासणीच्या दिवशी पहिला हात मालकाने पुढे करावा. शेठ बाही वर करून खुर्चीवर बसलेला दिसला की मागची रांग आपोआप लागते. उन्हाळी धानाची भरडाई संपून पावसाळ्यात काम मंदावते, तेव्हापासून दिवाळीपर्यंत हाताशी वेळ असतो. तारीख ठरवायला जवळच्या उपकेंद्रात एक फेरी किंवा एक फोन पुरेसा आहे.